नव्याने बांधलेलं इंजिन: पहिला तास, पहिले शंभर किलोमीटर आणि लवकर दिसणारी झीज

इंजिनाचं काम करून गाडी घरी नेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: "पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नका." तो निम्माच बरोबर आहे. इंजिन फार फिरवू नये हे खरं. पण लोक त्याचा अर्थ असा घेतात की पाय अलगद ठेवायचा, टॉप गिअरमध्ये गाडी रेंगाळत न्यायची आणि चढ आला की जीव मुठीत धरायचा. अशी चालवलेली गाडी वर्षाच्या आत ऑइल खायला लागते. मग गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मिस्त्रीनू, गाडी तेल खाता," आणि बोल पिस्टनवरच्या रिंगांना लागतो. त्या रिंगांना बसायची संधीच मिळालेली नसते.

रिंग बसते ती दाबाने. तिचा स्वतःचा ताण अगदी थोडा असतो. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की वायू पिस्टनच्या खाचेत, रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. होनिंग करताना, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासताना, भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी पाडलेली असते. तिची टोकं आणि रिंगेची कड एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाची होतात, आणि खाली उरलेल्या बारीक खाचा ऑइल धरून ठेवतात. हे घासणं बहुतांशी पहिल्या काही तासांतच उरकतं. त्या वेळात दाब मिळाला नाही तर टोकं तशीच राहतात, खाचांत ऑइल जळून चकचकीत थर बसतो, आणि मग गाडी कितीही चालवा, रिंगा बसत नाहीत. इंजिन परत उघडून होनिंग मारणं एवढाच उपाय राहतो.

म्हणजे नव्या इंजिनाला भार हवा, पण थोड्या थोड्या वेळाचा. जास्त आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), जास्त उष्णता आणि उगाच चालू ठेवलेलं इंजिन या तीन गोष्टी टाळायच्या. पुढचं सगळं यातूनच येतं.

इंजिन जोडून बंदिस्त करण्याआधी

बोअर, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं आपल्याकडचे बरेच मिस्त्री बाहेर देतात. ब्लॉक आणि क्रँक टेम्पोत घालून कोल्हापूरला पाठवायचे, ही दक्षिण कोकणातली जुनी वाट. ब्लॉक घाट उतरून परत येईपर्यंत त्याला हवा लागते, आणि होनिंग केलेल्या उघड्या बिडाला आपल्या जुलैच्या हवेत काही तासांत तांबूस गंज धरतो. म्हणून लेथवाल्याकडून निघतानाच बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्यायला सांगा.

ब्लॉक आला की पहिलं काम धुण्याचं, आणि हे काम स्वतः उभं राहून बघण्यासारखं आहे. रॉकेल किंवा पेट्रोलने धुतलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण होनिंगच्या दगडाची बारीक कच रेघांत तशीच राहते. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि कडक ब्रश घ्यायचा. फेस पांढराच राहतोय असं दिसेपर्यंत प्रत्येक बोअर घासायचा, हवा मारून लगेच कोरडा करायचा, आणि पांढऱ्या फडक्यावर ऑइल घेऊन आतून पुसायचा. फडक्यावर राखाडी डाग आला तर कच अजून आहे, परत साबण. फडकं स्वच्छ निघालं की बोअरला ताबडतोब ऑइल. लवकर झिजलेली कितीतरी इंजिनं या एका कामात कसूर झाल्याने झिजलेली असतात.

गाडी पुरात बसली असेल तर आणखी दोन गोष्टी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी सिलिंडरमध्ये असताना सेल्फ मारला गेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. तो डोळ्याला सरळ दिसला तरी जिगवर (सरळपणा मोजायच्या साच्यावर) तपासून घ्या. आणि क्रँकमधली, ब्लॉकमधली ऑइलची भोकं तारेने आणि हवेने साफ करा. त्यात अडकलेला वाशिष्ठीचा गाळ नव्या बेअरिंगवर येतो तेव्हा त्याला वाचवणारं काही नसतं.

मिस्त्रीकडून चार आकडे कागदावर लिहून घ्या: बोअर किती ओव्हरसाइज केला (०.२५ की ०.५० मिमी), क्रँकला कितीचे बेअरिंग शेल लागले, पिस्टन आणि बोअरमधला गॅप, रिंगेच्या तोंडाचा गॅप. रिंगेच्या गॅपचा ढोबळ हिशेब असा की बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच. मारुती ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाचा बोअर ६८.५ मिमी, म्हणजे गॅप साधारण पाव मिमीच्या थोडा वर येतो. नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलचा धरायचा. चांगला मिस्त्री हे आकडे न मागता सांगतो.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला असेल तर परत बसवायला लावा. "कोकणात उकाडा, गाडी गरम होईल" म्हणून तो काढायची खोड अजून आहे. तो काढल्याने इंजिन बराच वेळ थंड चालतं, आणि थंड इंजिनात झीज जास्त होते. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. विहिरीचं पाणी नको, खाडीकाठच्या विहिरीचं तर मुळीच नको. खारं पाणी अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून खातं.

पहिला स्टार्ट

ऑइल साधं मिनरल घ्या, मॅन्युअलमध्ये असेल त्या ग्रेडचं; जुन्या गाड्यांत ते बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असतं. पहिल्या दोन बदलांपर्यंत फुल सिंथेटिक नको, आणि घर्षण कमी करण्याच्या बाटल्या तर कधीच नकोत, कारण आत्ता थोडं घर्षणच हवं आहे. कारखान्यातून येणाऱ्या नव्या गाड्यांत सिंथेटिक असतं हे खरं. तिथे होनिंगची टोकं आधीच कापून घेतलेली असतात. आपल्या लेथवरचं होनिंग त्याहून खरखरीत असतं.

ऑइल फिल्टर बसवण्याआधी त्यात मावेल तेवढं ऑइल भरा. मग इंजिन चालू न करता नुसतं फिरवायचं. पेट्रोल गाडीत फ्यूल पंपाचा फ्यूज काढा आणि स्पार्क प्लग बाहेर घ्या. जुन्या डिझेलमध्ये स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा. दहा-पंधरा सेकंद सेल्फ, मग थोडी विश्रांती, असं करत ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझत नसेल तर तिथेच थांबा. पंपात हवा आहे किंवा पिकअपचा पाइप नीट बसलेला नाही. कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. टर्बो असेल तर त्याच्या ऑइलच्या नळीतून आधी थोडं ऑइल हाताने सोडायचं.

आता इंजिन चालू करा आणि त्याला आयडलवर ठेवू नका. १५०० ते २००० आरपीएमच्या मध्ये कमीजास्त करत पंधरा-वीस मिनिटं चालवा. सिलिंडरच्या भिंतींना मिळणारं बरंचसं ऑइल क्रँकच्या फिरण्याने उडून येतं, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. पद्मिनी, अँबेसिडर किंवा जुन्या जीपच्या पुशरॉड इंजिनात ही वीस मिनिटं सर्वांत महत्त्वाची, आणि आरपीएम २००० ते २५०० ठेवायचा. तिथे कॅम आणि टॅपेट याच वेळेत एकमेकांना बसतात, नाहीतर कॅमची टोकं झिजून जातात.

या वेळेत एकजण तापमानाच्या काट्यावर नजर ठेवील आणि दुसरा टॉर्च घेऊन गळती बघेल, अशी वाटणी करा. सायलेन्सरमधून थोडा निळा-पांढरा धूर येतो. बांधताना लावलेलं ऑइल जळतं, त्याची काळजी नको. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर कूलंटमध्ये हवा अडकली आहे.

मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. कूलंट परत भरा, टॅपेट तपासा. हेडचे बोल्ट मॅन्युअल सांगत असेल तरच पुन्हा टाइट करा. कोनाने आवळायचे, एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर त्यांना पान्हा लावू नका.

पहिले शंभर किलोमीटर

यासाठी कोकणासारखा रस्ता शोधून सापडणार नाही. आपले किनाऱ्याचे रस्ते खाडीवरच्या पुलापासून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतात, सडा संपला की परत खाडीत उतरतात. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे घ्या, नाहीतर भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे जा. चढाला भार, उताराला इंजिन ब्रेक, हे आपोआप होत जातं. चौपदरी महामार्गावर एकाच वेगात पन्नास किलोमीटर काढणं याच्या अगदी उलट. तिथे भार बदलतच नाही.

पद्धत अशी. इंजिन गरम होईपर्यंत सावकाश चालवा. मोकळा रस्ता आला की तिसऱ्या गिअरमध्ये तीसवर या, अर्ध्याहून थोडा जास्त पाय देऊन साठपर्यंत न्या, आणि पाय पूर्ण सोडा. क्लच दाबू नका, ब्रेक लावू नका. गाडी गिअरमध्येच परत तीसवर येऊ द्या. पाय देताना रिंगांवर दाब येतो. पेट्रोल इंजिनात पाय सोडल्यावर आत ओढ तयार होते, थोडं ऑइल वर येतं आणि घासलेल्या धातूची पूड भिंतीवरून धुऊन नेतं. हे आठ-दहा वेळा करा, मध्ये पाच मिनिटं साधं चालवून इंजिनाला उष्णता सोडू द्या, आणि परत करा. मागून गाडी येत नाही हे आरशात बघूनच पाय सोडायचा. आपल्या अरुंद रस्त्यांवर ब्रेकलाइट न लागता वेग उतरला की मागच्याला अंदाज येत नाही.

डिझेलला ही ओढ नसते, म्हणून तिथे भार देण्याचा भाग जास्त महत्त्वाचा. १५०० ते २५०० आरपीएममध्ये चढ घ्या. रिकामी बोलेरो सपाटीवर फिरवत ठेवून डिझेलच्या रिंगा बसत नाहीत.

या शंभरात एसी बंद, गाडीत जास्तीत जास्त दोन माणसं. आंबा किंवा कुंभार्लीसारखा लांब घाट नको: तिथला भार चांगला असला तरी तो सुटत नाही आणि उष्णता साठत जाते. गाडी वरच्या गिअरमध्ये कुंथवू नका. इंजिन धडधडायला लागलं की गिअर उतरवा. कमी आरपीएमला पूर्ण पाय दिला की नव्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर फाटतो. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीच्या रांगेत उभे असाल तर इंजिन बंद.

आणि एक विनंती. गणपतीच्या तोंडावर इंजिन काम काढू नका. काम चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पूर्ण होतं आणि नव्या इंजिनाचा पहिला प्रवास महामार्गावरच्या रांगेत, एसी लावून, तासन्‌तास आयडलवर होतो. त्या इंजिनाला याहून वाईट सुरुवात मिळू शकत नाही. निदान तीन आठवडे हातात ठेवा.

ऑइल आणि फिल्टर

शंभर किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, इंजिन गरम असतानाच. मग पाचशेला, मग दीड हजाराला. इंजिनावर एवढा खर्च केल्यावर दोन जास्तीच्या बदलांचे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

काढलेला फिल्टर फेकू नका. त्याचं पत्र्याचं आवरण फिल्टर कटरने किंवा छिन्नीने उघडा. हॅकसॉ वापरू नका, तिचाच कीस आत पडतो आणि तुम्हाला घाबरवतो. आतला कागद कापून काढा, ऑइल निथळू द्या आणि पांढऱ्या कागदावर उन्हात पसरा. घड्या उलगडत, कागद तिरका करून बघा. शंभर किलोमीटरच्या फिल्टरमध्ये बारीक चकाकी दिसणारच. बोटांत चोळली तरी कण लागत नाहीत अशी ती पूड असते. पाचशेला ती बरीच कमी, दीड हजाराला जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. नखावर उचलता येतील असे पापुद्रे दिसले तर चुंबक फिरवा. चिकटणारे तुकडे पोलादाचे किंवा बिडाचे: रिंग, कॅम, ऑइल पंप. न चिकटणारे, मऊ, चंदेरी तुकडे पिस्टनचे किंवा बेअरिंगच्या वरच्या थराचे. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला उघडा पडला आहे. गाडी तिथेच उभी करा.

शंभर ते दीड हजार

इथे फार सांगण्यासारखं नाही. लाल रेषेच्या दोन तृतीयांशाच्या वर जाऊ नका, वेग बदलता ठेवा, भार हळूहळू वाढवा. तीनशेनंतर घाट चालेल, एसी चालेल, घरची माणसं बसतील. पाचशेनंतर मधूनच छोटा पूर्ण पाय द्यायला हरकत नाही. या गाडीला दुसरी गाडी ओढायला लावू नका. एक-दोन किलोमीटरसाठी बाजारात जाऊन यायचं असेल तर चालत जा.

झीज ओळखायची कशी

सर्वांत आधी एक वही. तारीख, किलोमीटर, डिपस्टिकवरची पातळी, किती मिलिलीटर भरलं. मोजायची जागा रोज तीच ठेवा, कारण आपली खळी-अंगणं सपाट नसतात. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी बघा. बहुतेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पहिल्या हजारात थोडं ऑइल जाणं स्वाभाविक आहे. बघायचं एवढंच, की दुसऱ्या पाचशेत ते पहिल्या पाचशेपेक्षा कमी गेलं का. कमी होत असेल तर रिंगा बसताहेत. दोन-तीन हजारांनंतरही हजाराला लिटर जात असेल तर त्या बसलेल्या नाहीत.

धुराची परीक्षा घाट घेतो. आंब्याहून साखरप्याकडे उतरताना गाडी गिअरमध्ये, पाय पूर्ण सोडून येऊ द्या, आणि पायथ्याला एकदम पाय द्या. मागे निळ्या धुराचा लोट निघाला आणि लगेच थांबला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड. उताराला तयार झालेल्या ओढीने ऑइल गाइडमधून खाली आलेलं असतं. सकाळी चालू करताना एकदाच निळा फुत्कार निघत असेल तरी तेच. पण घाट चढताना, भाराखाली, सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. ऑइल भरायचं टोपण काढून बघा. चालू इंजिनात तिथून धूर ठोके देत बाहेर ढकलला जात असेल तर खात्रीच. काळा धूर इंधनाचा, त्याचा या कामाशी सहसा संबंध नसतो.

पांढऱ्या धुराने पावसाळ्यात लोक उगाच घाबरतात. सकाळच्या दमट हवेत सायलेन्सरमधून वाफ येते आणि गरम झाल्यावर जाते. गरम इंजिनातही ती येत राहिली, गोडसर वास असला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघायला हवं. टोपणाखालच्या मलईचंही तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या टोपणाला आतून पिवळट मलई धरते, ती हवेतल्या पाण्याची. डिपस्टिक स्वच्छ आहे आणि कूलंटची पातळी हलत नाही, तर एकदा तासभर लांब चालवून आणा, ती जाईल. डिपस्टिकवरचं ऑइलच दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर मात्र इंजिन चालू करू नका.

आवाज ऐकताना लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरा आणि टोक ब्लॉकला टेकवा. थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर शांत: पिस्टनचा गॅप थोडा जास्त, वहीत लिहा आणि लक्ष ठेवा. वरून हलकी, एकसारखी टिकटिक: टॅपेट. २००० च्या आसपास पाय सोडताना स्पष्ट होणारा कडक ठोका: बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग. खोल, जड, चढाला वाढणारा दणका आणि सोबत गरम आयडलला ऑइलचा दाब कमी: मेन बेअरिंग, ज्यावर क्रँक फिरतो ते. ऑइलचा दाब गरम आयडलला साधारण एक किलो (चौरस सेंटिमीटरला) आणि पुढे दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना हिशेब अजून कामाला येतो. कुठल्या सिलिंडरचा ठोका आहे हे बघायला पेट्रोल गाडीत एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याने आवाज दबेल तो सिलिंडर. जुन्या डिझेलमध्ये मिस्त्री इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून हेच बघतात. नव्या, कॉमन रेल डिझेल गाडीत ते कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडी भेदून आत जाते.

कंप्रेशन दीड हजाराला मोजा: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. पेट्रोलमध्ये बहुधा दहा ते तेरा किलो येतं. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो एक किलोच्या आत असावा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये ऑइल सोडायची ही चाचणी करू नका.

या सगळ्याच्या आधी, दर पंधरा दिवसांनी, एक तपासणी घरीच करा. एअर फिल्टरच्या पुढे, इंजिनाकडे जाणारा होज काढा आणि आतून पांढऱ्या कापडाने पुसा. एप्रिल-मेमध्ये जांभ्याची लाल धूळ आणि महामार्गाच्या कामाची माती सगळीकडे असते. कापडावर तांबूस पट्टा आला तर फिल्टरला वळसा घालून धूळ आत जाते आहे, आणि ती वरची रिंग आणि बोअर काही हजार किलोमीटरमध्ये खाऊन टाकते. क्लिप सैल असेल, होज तडकला असेल, फिल्टरचं रबर बसत नसेल. कारण शोधा, दुरुस्त करा, ऑइल त्याच दिवशी बदला, आणि आठवड्याने तेच कापड परत फिरवा.